कवितांचा क्रम

संग्रह काढायचा म्हणून एक्केचाळीस कविता फरशीवर पसरल्या. आधी तारखेनं लावल्या, तर नुसती डायरी झाली. मग विषयानं लावल्या. मोर्चे एकीकडं, माय एकीकडं, बाबासाहेब एकीकडं. बघतो तर गावच उभं राहिलं, आळी-आळीनं वाटलेलं!

एका जाणत्या साहित्यिकानं सल्ला दिला, "प्रेमकविता पुढं घ्या, शिव्या-बिव्या मागं टाका. वाचक बिचकतो." म्हणजे पुस्तकातही आम्ही वेशीबाहेरच?

नामदेव ढसाळांचं 'गोलपिठा' १९७२ चं, दया पवारांचा 'कोंडवाडा' १९७४ चा. दोन्ही नावं जागेची. पान उघडण्याआधीच वाचकाला कळतं, आपण कुठं उभे आहोत. माझी जागा कोणती?

रात्री मायला कविता वाचून दाखवल्या. विचारलं, पहिली कोणती घेऊ?

"आरं, मी रातच्या दोनला हंडा घिऊन नळावर जाते. आपला दिस तिथनंच सुरू हुतो."

मग क्रम वस्तीच्या दिवसाचा धरला. दोनला नळ, पहाटे झाडू, दुपारी मोर्चा, संध्याकाळी प्रेम. बाबासाहेब पहिल्या पानावर फोटोसारखे टांगले नाहीत. रात्री खांबाच्या दिव्याखाली अभ्यास करणाऱ्या पोराच्या कवितेत ते आले. नऊ कविता गळाल्या. त्यातली एक सभेत हमखास टाळ्या घेणारी. जीव तुटला. पण त्या दिवसात तिला जागाच नव्हती, नुसता आवाज होता.

संग्रह छापून निघेल तेव्हा निघेल. पहिल्या पानावर मायचा हंडा ठेवलाय. तो कुणाला हलवू देणार नाही.