केदारकंठ्यासाठी पँट

केदारकंठ्याच्या ट्रेकसाठी सांक्रीला जायची सॅक भरतेय. जीन्स आधीच बाद. सुती कापड बर्फात एकदा भिजलं की वाळता वाळत नाही, अंगातली ऊब मात्र ओढून घेतं. आत थर्मल, त्यावर फ्लीस, वर वारा न शिरणारी पातळ पँट. ऊब खरी थरांमध्ये अडकलेल्या हवेची, म्हणून घट्ट कोंबण्यात अर्थ नाही. 12,500 फुटांच्या माथ्यासाठी अंधारातच निघायचं, तेव्हा सगळं अंगावर. चढ लागला की घाम फुटायच्या आत एक थर उतरवायचा. जॅकेटचं सोपं असतं, वांधा पँटचा. बर्फात बूट काढून ती कोण उतरवणार? म्हणून वरची पँट दोन्ही बाजूंना कमरेपासून खालपर्यंत चेन असलेलीच घेतली. महाग पडली. आई म्हणते, लोकरीची विजार विणून देते. देऊ दे, तंबूत झोपताना घालीन.