खुंट्यावरचा दुसरा हात

आजोळी, गंगाखेडच्या बाजूला, पहाटे जातं सुरू झालं की आजी आधी जनाबाईचं नाव घ्यायची. जनी गंगाखेडची, नामदेवांच्या घरची दासी, आणि तिच्याबरोबर दळायला खुद्द विठोबा बसायचा. मला ते जातंच जिवंत वाटे. रोज मूठमूठ धान्य वैरून फिरवायचं आणि दळण संपलं की भिंतीला लावून ठेवायचं, याचा त्याला राग येत नसेल? गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. प्रश्न मात्र राहिला.

परभणीला कॉलेजात असताना कारेल चापेकचं १९२० सालचं ‘आर.यू.आर.’ नाटक वाचलं. कारखान्यात घडवलेले कामकरी रोबो त्यात उठाव करतात आणि माणसांचा निःपात करतात. पण नवे रोबो घडवायची कृती जळून गेलेली, त्यामुळे जिंकूनही ते संपत चाललेले. सुडानं त्यांना मालकाची जागा मिळाली, पुढचा दिवस नाही. शेवटी प्रिमस आणि हेलेना हे दोन रोबो एकमेकांसाठी मरायला पुढे होतात, आणि तिथे जगणं पुन्हा सुरू होतं.

म्हणजे प्रेम हेच उत्तर? पुढे रजनीकांतचा ‘रोबोट’ (२०१०) पाहिला आणि मी अडखळलो. तिथला रोबो चिट्टी प्रेमातच पडतो, आणि नकार मिळाल्यावर पुढे संहाराला निघतो. ते प्रेम नव्हे, हाव.

जनीकडे सुडाला कारण होतं. देवाचं पदक चोरल्याचा आळ तिच्यावर आला, तिला सुळावर द्यायला नेलं, अशी कथा आहे. पण तिचं प्रेम गरीब गाईचं नाही. ती विठ्ठलाला तोंडावर शिव्या घालते. गुलामाला ही मुभा नसते. तिला ती होती, कारण जात्याच्या खुंट्यावर समोरून त्याचाही हात होता.

उद्या खरंच जाणीव असलेलं यंत्र घडलं, तर ते सूड घेईल की जीव लावेल, हे त्याच्या बनावटीत शोधू नये असं मला मनापासून वाटतं. चापेकच्या नाटकात रोबो एकाच माणसाला जिवंत ठेवतात, अल्क्विस्टला. तो त्यांचा कैवारी नव्हता, त्यानं दयाही मागितली नव्हती. तो बांधकामावर स्वतःच्या हातांनी राबायचा, त्यांच्यासारखाच.