मेंदूचा मिस्ड कॉल

रविवार सकाळ. बाहेर धो धो पाऊस, हातात चहा आणि लॅपटॉपवर सोमवारचं प्रेझेंटेशन. आपला रविवार असाच असतो, नाही का? ओट्यावर बाबा जाळं दुरुस्त करत बसलेले. जुलै महिना, मासेमारी बंद. या दिवसांत आमच्या करंजात होड्या किनाऱ्याला आणि जाळी ओट्यावर असतात.

अचानक बाबांच्या हातातली सुई पडली. उचलायला गेले, पुन्हा पडली. मला काहीतरी सांगायला लागले, पण शब्द जड झाले होते. ओठांची उजवी कड खाली ओघळलेली. मी घाबरलोच! पण दहा मिनिटांत सगळं पूर्ववत.

"हात बधिर झाला होता रे. काय नाय आता," म्हणत त्यांनी सुई उचललीसुद्धा.

आणि मी? "बाबा, जरा पड ना," एवढं म्हणून परत स्लाइड नंबर सातवर. हे लिहितानाही लाज वाटते.

तासाभराने ताईचा फोन आला. ती पनवेलला नर्स आहे. मी सहज सांगितलं, तर तिने फटाफट तीनच प्रश्न विचारले. तोंड वाकडं झालं होतं? हात उचलत होता? बोलणं अडखळत होतं?

"हो, पण गेलं ना आता!"

"गेलं म्हणूनच निघ! पुढच्या वेळी जाईलच असं नाही. आणि रक्त पातळ करायची गोळी वगैरे काही देऊ नकोस. आधी स्कॅन."

निघताना समोर ढगात बुडालेला द्रोणागिरी दिसला. हनुमान संजीवनीचा डोंगर नेत असताना त्याचा तुकडा इथे पडला, असं आमच्याकडे सांगतात. लहानपणी मला त्यातलं फक्त उड्डाण आवडायचं. त्या दिवशी पनवेलच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत अडकल्यावर कळलं, गोष्टीतला खरा थरार वेळेचा आहे. सूर्य उगवायच्या आत पोचायचं होतं. डेडलाइन होती ती!

डॉक्टरांनी सांगितलं, हा टीआयए. मेंदूकडे जाणारी एक रक्तवाहिनी गुठळीने क्षणभर अडली आणि मोकळी झाली. मी याला मिस्ड कॉल म्हणतो. खरा कॉल, म्हणजे पक्षाघात, यायची भीती त्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त.

आपला मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण हृदयाने ढकललेल्या रक्तातलं साधारण १५ टक्के एकटा घेतो. शिल्लक टाकायची सोय मात्र नाही. मोठ्या पक्षाघातात मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही रक्तस्राव नाही ना, हे स्कॅनमध्ये पाहूनच.

बाबांच्या मानेतली रक्तवाहिनी अरुंद झालेली निघाली. मग डॉक्टरांनी विचारलं, "जाळं ओढताना दम लागतो?"

"वय झालं की लागतोच," बाबा.

अँजिओग्राफीत हृदयाच्या दोन वाहिन्यांतही ब्लॉक सापडले! छातीत कधी कळ आली नव्हती. मधुमेहात अशी कळ न येताही दुखणं वाढू शकतं. गंमत बघा, हृदयाच्या आत सतत रक्त असतं, पण त्याच्या स्नायूला ते थेट मिळत नाही. त्यालाही बाहेरच्या बारीक वाहिन्यांवरच अवलंबून राहावं लागतं.

बाबांना हे मी मोरा बंदराच्या भाषेत समजावलं. गाळ साचतो, भरतीला लाँच आरामात येते, ओहोटीला अडते. बसल्या जागी तुला काही होत नाही, जाळं ओढलंस की अडतं. ते हसले. "मग गाळ काढायला पाहिजे." त्यासाठीच आता गोळ्या, कमी मीठ आणि तंबाखूला रामराम. गाळ पूर्ण निघत नाही, पण वाढायचा थांबवता येतो.

आता आपल्याबद्दल. ५२ देशांतल्या इंटरहार्ट या अभ्यासात २००७ साली दिसलं, की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३व्या वर्षी येतो, इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षं आधी. कारणं ओळखीचीच : सिगारेट, बीपी, साखर, चरबी, पोट, ताण. ताईने माझंही बीपी मोजलं. १४८/९६! वय ३१. चहा-सुट्टा ब्रेक त्याच दिवशी नुसता चहा ब्रेक झाला.

ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा सुटल्या. बाबा यंदा धक्क्यावरूनच सूचना देतात. पण जाळं अजून तेच विणतात. मी लॅपटॉप घेऊन शेजारी बसतो, आणि स्लाइडपेक्षा त्यांच्या उजव्या हाताकडे जास्त बघतो.

तुमच्या घरी कुणी "काय नाय, गेलं आता" म्हणालं तर १०८ फिरवा. प्रेझेंटेशन सोमवारीही होतं.