बाबासाहेबांच्या लंडनमध्ये आठ दिवस



लंडनला जायचे हे आम्ही बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असतानाच ठरवून टाकले होते. चलन आणि बँकिंग शिकवणाऱ्या सरांनी एकदा वर्गात 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथाचे नाव घेतले आणि तो कोणाचा, असे विचारले. मागच्या बाकावरून आम्ही उत्तर दिले. सारा वर्ग वळून बघू लागला. त्या दिवशी आईला सांगितले, "नोकरी लागली की हे पुस्तक जिथे लिहिले गेले ते शहर मी पाहून येणार." आई म्हणाली, "जा की. कोन अडवतंय?"

अडवायला पुढे खूप गोष्टी आल्या. कारकुनाची नोकरी लागली, तशी धाकट्या बहिणीचे लग्न आले. मग वडिलांचे आजारपण, घराचे हप्ते, मुलीच्या शाळेची फी. पतपेढीत आम्ही 'लंडन' असे नाव मनात धरून दरमहा काही रक्कम टाकत होतो. ती तीन वेळा मोडली. २०२० साली कोरोना आला तेव्हा तर जगाचेच जाणे-येणे बंद झाले. दर वर्षी भीमजयंतीला ओळखीची मंडळी विचारत, "काय, यंदा लंडन का?" आम्ही म्हणत असू, "पुढच्या वर्षी नक्की."

अखेर २०२४ साली रक्कम जमली. एका माणसापुरतीच जमली. व्हिसाची फीच एकशे पंधरा पौंड, आणि एका पौंडाला साधारण एकशे पाच रुपये मोजावे लागत होते. विमान, राहणे, खाणे सगळे धरून पावणेदोन लाखांचा अंदाज निघाला. आमच्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. तिचे खजिनदार हा सरळ स्वभावाचा माणूस. ते तोंडावर म्हणाले, "एवढ्या पैशांत अभ्यासिकेला टेबल-खुर्च्या आल्या असत्या आणि वर पंख्यांचंही भागलं असतं." त्यांचे गणित चुकीचे नव्हते. आम्ही दोन रात्री झोपलो नाही. तिसऱ्या दिवशी सौ. म्हणाल्या, "अहो, पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत पन्नाशीला टेकलात. आता गेला नाहीत तर या घरात त्या शहराचं नाव काढायचं नाही." मग तिकीट काढले.

निघताना दोघींनी दोन कामे सांगितली. आई आता थकली आहे. ती म्हणाली, "बाबा पैसे वाचवाया चालत जायचा म्हनत्यात. किती लांब हाय ते चालून बघ आन् मला सांग." सौ.चे काम अवघड होते. "बाबासाहेब तिकडे शिकत होते तेव्हा इकडचं घर कोणी चालवलं, ते तिथं कुठे लिहिलंय का बघा." पिशवीत तांदळाचे पापड, शेंगदाण्याची चटणी आणि एक स्वेटर कोंबून आम्ही २१ मे रोजी एकटेच निघालो.

राणीचा राजवाडा, मोठे घड्याळ, नदीवरचे पूल हे सगळे पाहिले. त्याची वर्णने इतरत्र पुष्कळ छापून आलेली आहेत. सेंट जेम्स पॅलेसच्या भिंतीपुढे मात्र जरा जास्त थांबलो. १९३० साली गोलमेज परिषदेला बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन हे दोघेच अस्पृश्य समाजाचे प्रतिनिधी म्हणून या शहरात आले होते. आम्ही आठ खाटांच्या एका स्वस्त खोलीत उतरलो होतो. त्या खोलीत रात्री घोरणाऱ्यांना जातपात नसते, एवढे लक्षात आले.

हिशेबाची सवय हाडात मुरलेली असल्यामुळे पहिले दोन दिवस आम्ही प्रत्येक गोष्टीला एकशे पाचने गुणत होतो. चार पौंडांचे सँडविच म्हणजे चारशे वीस रुपये! घास घशाखाली उतरेना. तेव्हा बाबासाहेबांच्या ग्रंथाचा अर्थ आम्हाला परीक्षेला बसलो होतो त्याहून जास्त कळला. बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धा टाकून मुंबईला परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची मुभा लंडन विद्यापीठाने दिली होती. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्ज घेतले आणि १९२० साली ते पुन्हा निघाले. आता पाहा. त्या वर्षी सरकारने रुपयाचा भाव दोन शिलिंग ठरवला होता. तो टिकला नाही. वर्षभरात रुपया घसरून एक शिलिंग चार पेन्सच्या आसपास, काही काळ त्याच्याही खाली आला. म्हणजे दोन शिलिंगाच्या भावाने पाच हजार रुपयांचे पाचशे पौंड होतात आणि एक शिलिंग चार पेन्सच्या भावाने तीनशे तेहतीस. कर्ज तेवढेच राहिले आणि हातातले पौंड एक तृतीयांशाने कमी! रुपयाचा प्रश्न त्यांनी ग्रंथालयात बसून सोडवला हे खरे. पण तो प्रश्न रोज त्यांच्या खिशातही होता. आमचे काही वक्ते रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनीच काढली असे ठोकून देतात. तशी गरज नाही. याच विषयावर त्यांना १९२३ साली डी.एस्सी. मिळाली, ग्रंथ लंडनमध्येच छापला गेला आणि हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली. एवढे सत्य पुरेसे मोठे आहे.

दहा नंबरचे घर किंग हेन्रीज रोडवर आहे. चॉक फार्म नावाच्या भुयारी स्टेशनवर उतरून पूल ओलांडला की रस्ता लागतो. एकमेकांना चिकटून उभी असलेली घरे, समोर झाडे, इतकी शांतता की आपल्याच बुटांचा आवाज येतो. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ही वास्तू विकत घेतली. नंतर शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून स्मारकाच्या परवानगीचा वाद झाला आणि मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली. दारात उभे राहून आम्ही त्रिशरण-पंचशील म्हटले. शेजारून कुत्रे फिरवायला निघालेल्या एका वृद्ध बाई थबकल्या, मान लववून पुढे गेल्या. आतले फोटो, पुस्तके बघून झाली. सौ.चे काम आठवून आम्ही दाराबाहेरची गोल निळी पाटी नीट वाचली. तिच्यावर नाव बाबासाहेबांचे आणि वर्षे त्यांच्या वास्तव्याची. पाटी ती पाटी, तिच्यावर परळच्या चाळीतला संसार मावायचा कसा? रुपयाचा ग्रंथ त्यांनी आई-वडिलांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. रमाईंच्या स्मृतीस पाकिस्तानवरचा ग्रंथ अर्पण केला, तेव्हा माता रमाई जाऊन पाच-साडेपाच वर्षे होऊन गेली होती. हे आम्ही सौ.ना त्या रात्री फोनवर सांगितले. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाल्या, "तुम्ही जेवलात का?"

आईचे काम आम्ही २७ मे या दिवसासाठी ठेवले होते. तो रमाईंचा स्मृतिदिन. त्या दिवशी तिकडे सार्वजनिक सुटी होती, त्यामुळे रस्ते मोकळे. सकाळी नऊच्या सुमारास दहा नंबरच्या दारातून घड्याळ लावून निघालो. रेल्वेचा पूल ओलांडला, उतारावरून कॅमडेन टाऊनच्या बाजारात आलो, तिथून सरळ हॅम्पस्टेड रोडने युस्टनपर्यंत, मोठा रस्ता ओलांडून गोवर स्ट्रीट. तो रस्ता लांबच लांब, एकसारख्या तपकिरी घरांचा. त्याच्या शेवटी ब्रिटिश म्युझियम. मध्ये कुठे थांबलो नाही. सत्तावन्न मिनिटे लागली. अंतर सुमारे चार किलोमीटर.

चार किलोमीटर म्हणजे फार नव्हे. पण चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे की लंडनमध्ये ते सकाळी पावाच्या तुकड्यावर निघत, दिवसभर ग्रंथालयात बसत आणि रात्री भूक अनावर झाली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खात. आम्ही त्या सकाळी पोटभर खाऊन निघालो होतो, अंगात स्वेटर होता, महिना मे होता. तरी युस्टनच्या चौकात पाय बोलू लागले. डिसेंबरात, अर्ध्या पोटी, परत येतानाही तेवढेच चालायचे, आणि हे एक दिवस नव्हे!

म्युझियमच्या अंगणातूनच आईला फोन लावला. तिकडे दुपार झाली होती. अंतर सांगितले. ती क्षणभर मोजत राहिली. "म्हंजी विक्रोळी ते घाटकोपर. तेवढं तर आमी डोक्यावर पाटी घेऊन रोज जायचो भाजी इकाया." आम्हाला हसू आले. मग तीच म्हणाली, "पर आमी घरी येऊन भाकर खायचो रं. त्याला कोन वाढनार हुतं?"

ते प्रसिद्ध गोल वाचनालय म्युझियमच्या मधोमध अजून उभे आहे. १८५७ साली ते उघडले. आता त्यातले ग्रंथ नाहीत, ते १९९७ पासून सेंट पँक्रासजवळच्या ब्रिटिश लायब्ररीच्या नव्या इमारतीत गेले. आम्ही त्या गोल भिंतीला बाहेरून एक फेरी मारली, स्तूपाला मारतो तशी. आणि खरोखरच स्तूप पुढे भेटला. तेहतीस क्रमांकाच्या दालनाला लागून काचेपलीकडे अमरावतीच्या स्तूपाची पांढुरक्या दगडातली शिल्पे मांडली आहेत. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ती उकरून जहाजाने इकडे आणली. काही शिल्पांत बुद्धाची मूर्ती नाहीच. रिकामे आसन आहे, बोधिवृक्ष आहे, पावलांचे ठसे आहेत. बाबासाहेब वाचायला येत त्या वर्षांत ही शिल्पे याच म्युझियममध्ये होती. धम्मदीक्षेला अजून पस्तीस वर्षांचा अवकाश होता. ते कधी या दगडांपुढे उभे राहिले असतील का? वाचनालयाच्या वेळेतला एक तास त्यांनी असा खर्च केला असता, असे त्यांचा स्वभाव पाहता वाटत नाही. आम्ही मात्र दोन तास उभे होतो. तिकीट नसलेल्या जागी आम्हाला फार बरे वाटते.

दुपारी तिथून पायीच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेलो. एम.एस्सी. १९२१, डी.एस्सी. १९२३, दोन्ही पदव्या इथल्या. सुटीमुळे आवारात शुकशुकाट होता, फक्त ग्रंथालयाच्या दारातून मुले ये-जा करत होती. जवळच्या लिंकन्स इन फील्ड्स या बागेत बाकावर बसून आम्ही पापडाची पिशवी उघडली. शेजारच्या बाकावरची मुलगी एकदम मराठीत म्हणाली, "काका, ते तांदळाचे आहेत का?"

नांदेड जिल्ह्यातली पोर. आई अंगणवाडीत मदतनीस, वडील नाहीत. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती मिळवून इथे एम.एस्सी. करायला आली होती. आम्ही जयभीम केला, तिने हात जोडून केला. बोलता बोलता आम्ही मोठ्या उत्साहाने विचारले, "किंग हेन्रीज रोडला जाऊन आलीस का?"

"नाही हो काका." ती जरा ओशाळली. "आले त्या आठवड्यापासून जायचं म्हणतेय. आधी काही कळायचंच नाही, इंग्रजीत लेक्चर भरभर जायचं. मग दुकानात काम धरलं शनिवार-रविवार. आता परीक्षा. रात्री बारा-बारापर्यंत इथंच असते."

आम्ही पावणेदोन लाख रुपये मोजून, घर पाहून, रस्ता मोजून आलो होतो. तिला अजून वेळ मिळाला नव्हता. खजिनदारांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. आमच्या अभ्यासिकेतली, पंख्याखालची जागा धरायला पाच वाजताच दप्तर ठेवून जाणारी पोरेही आठवली. विषय कोणता, असे विचारले. तिने सांगितले त्यातले निम्मे आम्हाला कळले नाही. फार बरे वाटले.

उरलेले सगळे पापड आणि चटणीची बरणी तिच्या हाती दिली. ती नको-नको म्हणाली, मग दप्तरात नीट ठेवली. उठता उठता विचारले, "काका, त्या घरापासून चालत यायला किती वेळ लागतो?"

"म्युझियमपर्यंत सत्तावन्न मिनिटे. इथपर्यंत आणखी पंधरा-वीस धर."

"परीक्षा झाली की चालत जाऊन येईन," ती म्हणाली. रस्ता कुठून कसा, ते तिने मोबाईलमध्ये टिपून घेतले. मग घड्याळ पाहिले. "येते काका, माझी जागा जाईल," असे म्हणून ती लगबगीने ग्रंथालयाच्या दाराकडे गेली.