शेपटीतली शिदोरी

लेपर्ड गेको ही मुळात अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ मुलखातली पाल. एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. तिची एक जवळची नातलग जात महाराष्ट्र आणि गुजरातच्या रानांत आढळते. भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात. हिला असतात आणि ती त्या मिटून झोपते. बोटांना चिकटणाऱ्या पट्ट्या नसल्याने काचेवर मात्र तिला चढता येत नाही. युरोप-अमेरिकेत ती घरोघरी पाळली जाते आणि नीट सांभाळली तर १५ ते २० वर्षे जगते. ज्या मुलासाठी ती आणलेली असते त्याची हौस त्याआधीच सरते. मग काचेची पेटी कुठल्यातरी कोपऱ्यात जाते.

ही पाल ओरडून काही मागत नाही, म्हणून तिची आबाळ फार उशिरा लक्षात येते. ती कळते शेपटीवरून. निरोगी पालीची शेपूट जाड, गुबगुबीत असते. तिथे चरबीची शिदोरी साठलेली असते. उपाशी पालीची शेपूट काडीसारखी होते. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व मिळाले नाही, तर मुलांना मुडदूस होतो तशी तिची हाडे मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा लिबलिबीत होतो. पेटीत ओलसर जागा नसेल तर कात पूर्ण सुटत नाही. बोटांभोवती तिची कडी आवळत जाते आणि शेवटी बोटच गळून पडते.

अशी आबाळ झालेली पाल दुसऱ्या कुणी घरी आणल्यावर पहिली गरज उबेची असते, अन्नाची नंतर. तिचे शरीर स्वतः उष्णता निर्माण करत नाही, त्यामुळे थंड पोटात अन्न पचत नाही, कुजते. पेटीची एक बाजू ३० ते ३२ अंश सेल्सिअस आणि दुसरी गार ठेवतात, म्हणजे तिला हवी ती जागा निवडता येते. उबेला थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर पोट भाजते. खाली वाळूऐवजी साधा कागद अंथरतात. कॅल्शियमला आसुसलेली पाल वाळू चाटते आणि तिची आतडी तुंबतात. अडकलेली कात ओढायची नाही. कोमट, उथळ पाण्यात तिला पंधरा-वीस मिनिटे ठेवून ओल्या कापसाने हलकेच सोडवायची. विष्ठेची तपासणी पशुवैद्याकडून करून घ्यावी लागते, कारण क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीनेही शेपूट अशीच सुकते. घरात दुसऱ्या पाली असतील तर तोवर हिला वेगळे ठेवतात.

सुरुवातीला पातळ खाद्याचा थेंब नाकपुडीपाशी न जाऊ देता ओठाला लावायचा. ती तो चाटते. या दिवसांत फार घाई घातक. खाद्य म्हणून जिवंत रातकिडे पेटीत सोडून माणूस निघून गेला, तर दुबळ्या पालीलाच ते चावतात.

आठवड्यांनी, कधी महिन्यांनी शेपूट भरू लागते. पेटीचा एकच कोपरा ती विष्ठेसाठी ठरवून घेते. शिकारीवर झेपावण्याआधी शेपटीचे टोक थरथरते. टाकलेली कात ती स्वतःच खाते. वाकलेले पाय मात्र सरळ होत नाहीत आणि गळलेली बोटे परत येत नाहीत. त्यामुळे तिच्या पेटीतली उंची नेहमी कमी ठेवतात, पाण्याची वाटी उथळ असते आणि प्रत्येक कातीनंतर उरलेली बोटे कुणीतरी भिंगाखाली तपासून पाहते.