पेंढ्याखालची चेझेट

वाचकहो, तुमच्या गावात एखाद्या गोठ्याच्या कोपऱ्यात जुनी जावा किंवा येझदी उभी असेल. सीटवर कोंबड्या बसत असतील, हँडलला दावी टांगलेली असतील. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ ते १९९६ पर्यंत या गाड्या तयार होत होत्या. पण त्यांचे माहेर युरोपातला चेक देश. पिंजोरला १९७१ पासून बनू लागलेला एच.एम.टी. ट्रॅक्टरही तिथल्याच झेटोर कंपनीच्या सहकार्यातला. म्हणजे तो देश कधी न पाहताही आपल्या शिवारात त्याचे लोखंड बरेच फिरले आहे. आज तुम्हाला त्याच देशातल्या एका घरी घेऊन जातो.

प्राग शहरातून दक्षिणेकडे शंभर एक किलोमीटर गेले की स्त्राकोनित्से हे गाव लागते. वस्ती वीस-बावीस हजारांची, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी. ओतावा आणि वोलिन्का या दोन नद्यांचा इथे संगम आहे आणि संगमावरच तेराव्या शतकातला किल्ला आहे. बोकडाच्या कातड्याची पिशवी हवेने फुगवून वाजवायचे एक वाद्य असते. ते वाजवणाऱ्यांसाठी हे गाव पूर्वीपासून प्रसिद्ध. योसेफ कायेतान तिल या लेखकाने १८४७ साली इथल्या अशाच एका वादकावर नाटक लिहिले आणि गावाचे नाव देशभर झाले.

जगभर नाव झाले ते मात्र मोटरसायकलीने. १९१९ साली इथे शस्त्रांचा कारखाना निघाला. पुढे तिथे सायकली होऊ लागल्या, मग मोटरसायकली. या गाडीचे नाव चेझेट. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने सरकारजमा झाले आणि जावा-चेझेट ही नावे जोडीने घेतली जाऊ लागली. दोघी सख्ख्या बहिणीच म्हणा ना!

आता मोटोक्रॉस म्हणजे काय ते सांगतो. ही शर्यत डांबरी रस्त्यावर होत नाही. चढउतार, चिखल, वाळू, खाचखळगे अशा उघड्या रानातून गाडी पळवायची आणि उंचवट्यावरून उडी मारून पुढे जायचे. म्हणून त्या गाडीला दिवा नाही, हॉर्न नाही. चिखल अडकू नये म्हणून मडगार्ड उंचावर, टायरला मोठ्या गुठळ्या, पुढचे चाक २१ इंची. १९६४ साली बेल्जियमचा ज्योएल रॉबेर हा विशीतला पोरगा २५० सीसीच्या चेझेटवर जगज्जेता झाला. ५०० सीसीच्या गटात पूर्व जर्मनीचा पाउल फ्रीडरिख्स १९६६, १९६७ आणि १९६८ अशी सलग तीन वर्षे चेझेटवरच जिंकला. चेक लोकांचा स्वतःचा यारोस्लाव्ह फाल्टा १९७४ साली अगदी दारापर्यंत पोहोचला होता. पण शेवटच्या शर्यतीनंतर त्याला एका मिनिटाचा दंड लागला आणि पद हातचे गेले. गावातली म्हातारी माणसे ते अजून विसरलेली नाहीत.

मोटरसायकली बनवणे १९९०च्या दशकात थांबले. किल्ल्यातल्या संग्रहालयात जुन्या गाड्या पुसूनपासून मांडल्या आहेत. त्या जरूर पाहाव्यात. पण मला घेऊन जायचे आहे ते गावाबाहेरच्या एका शेतकरी घरात.

वाटेत एक गोष्ट तुमच्या लगेच लक्षात येईल. शेते एवढी मोठी, की बांध दिसतच नाही. १९४९ नंतर तिथे जमिनी एकत्र करून सामुदायिक शेती झाली, तेव्हा बांध मोडले. १९८९ नंतर राजवट बदलली, जमिनी मूळ मालकांकडे परत गेल्या, पण बांध पुष्कळ ठिकाणी परतले नाहीत. मी गेलो तेव्हा फेब्रुवारी सरत होता. सऱ्यांमध्ये बर्फ होते. शेतात काम नाही, म्हणून घरातली माणसे खळ्याच्या कोठीत जमलेली.

घरचे आजोबा चाळीस वर्षे फिटर म्हणून काम करून निवृत्त झालेले. त्यांच्या थोरल्या भावाने १९७० च्या सुमारास आसपासच्या शर्यतींत एक चेझेट पळवली होती. भाऊ गेले. घराची आवराआवर करताना माळ्याखाली पेंढ्यात गाडी सापडली, गंजलेली आणि जाम झालेली. लगेच वाटणीचा प्रश्न आला. भावाचा मुलगा जर्मनीत नोकरीला. तो म्हणाला, "काका, हौशी लोक चांगले पैसे देतात. सुटे भाग करून विकले तर आणखी मिळतील. सगळ्यांत सारखे वाटून टाकू." त्याचे काही चुकत नव्हते. घराचे छप्पर दुरुस्तीला आले होते.

आजोबांनी फक्त एक हिवाळा मागून घेतला. वसंतापर्यंत गाडी सुरू झाली तर ती घरात राहील. नाही झाली तर सुटे भाग करून विकायची. पुतण्याने कबूल केले.

अडचण एकच होती. आजोबांना जवळचे नीट दिसेना आणि हात थरथरत होता. म्हणून सोळा वर्षांची नात शेजारी बसली. डोळे तिचे, कान आजोबांचे. नातीला इंग्रजी येत होते, माझी दुभाषीही तीच झाली.

त्यांची रीत ऐका, तुमच्याही कामाला येईल. गाडी उघडण्याआधी प्रत्येक बाजूचा फोटो. काढलेला प्रत्येक भाग वेगळ्या डब्यात, डब्यावर चिठ्ठी. इंजिन जाम होते, पण किक एकदाही मारली नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतले, आठवडाभर तसेच ठेवले, मग चाक हाताने हळूहळू हलवून पिस्टन सोडवला. टाकीत गंज होता. त्यात बारीक खडी घालून ती घटकाघटकाने हलवली, मग धुऊन, सुकवून आतून तेलाचा हात फिरवला.

बेअरिंग काढताना तर आजीबाईंची भट्टी कामी आली. इंजिनाचे कवच आधी स्वच्छ धुतले, पेट्रोल-तेलाचा थेंब राहू दिला नाही, आणि पाव भाजायच्या जुन्या भट्टीत गरम केले. गरमीने कवच पोलादी बेअरिंगपेक्षा जास्त फुगते. फळीवर उपडे करून जरा ठोकले की बेअरिंग आपोआप खाली पडते. हातोड्याने ठोकून काढू गेले तर कवचच फुटायचे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ऑइल सीलवर. वस्तू रुपयाएवढी, पण टू-स्ट्रोक गाडीचा जीव तिच्यात. या इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी खालच्या खोलीत ओढले जाते आणि तिथून वर सिलिंडरमध्ये जाते. म्हणून ती खोली हवाबंद पाहिजे. पन्नास वर्षांत सीलचे रबर कडक होते आणि बाहेरची हवा आत शिरते. हवा जास्त, पेट्रोल-तेल कमी. मग इंजिन तापते आणि पिस्टन धरतो. बाहेरून रंग कितीही झकपक करा, सील जुने ठेवले तर गाडी चार दिवसांत बसणार. आजोबांनी म्हणूनच रंगाचा डबा शेवटपर्यंत उघडू दिला नाही.

चेक भाषेत कुशल कारागिराला 'सोन्याचे चेक हात' म्हणतात. मी आजोबांना तसे म्हटले, तर ते हसले आणि नातीच्या काळ्या पडलेल्या बोटांकडे पाहून म्हणाले, "सोने आता तिकडे सरकतंय." मग मी त्यांना म्हैसूरच्या जावाचे सांगितले, दुधाच्या किटल्या बांधून धावणाऱ्या येझदीचे सांगितले. त्यांनी पहिला प्रश्न केला, "तुमच्याकडे तेल किती टाकतात?" त्यांच्या चेझेटला वीस लिटर पेट्रोलला एक लिटर तेल.

एप्रिलच्या शेवटी नातीने मोबाइलवर आवाज पाठवला. आधी नुसते खोकणे, मग फटफट, मग सलग धार. पुतण्या ईस्टरच्या सुटीला आला होता. वडिलांच्या गाडीवर पहिली फेरी त्यानेच मारली. छप्पर मात्र अजून तसेच आहे. त्यासाठी आजोबांनी दोन वासरे विकायला काढली आहेत. फुकट काहीच होत नसते.

तेव्हा वाचकहो, भंगारवाला दारात आला की त्याला गाडी किलोवर देण्याआधी थोडे थांबा. प्रत्येक जुनी वस्तू ठेवावी असे नाही. काही खरोखर संपलेल्या असतात आणि घराला पैशाची गरज असते. पण ती गाडी, ते ऑइल इंजिन ज्यांनी चालवले ते आजोबा, काका अजून ओट्यावर बसलेले असतील, तर नुसता आवाज ऐकून दोष सांगणारा तो कान भंगारात मिळत नाही. पेरणी उरकल्यावर किंवा उन्हाळ्याच्या सुटीत मुलामुलींना त्यांच्याजवळ बसवा. चार रिकामे डबे द्या, चिठ्ठ्या लिहायला लावा. आणि पेट्रोलने भिजलेली चिंधी चुलीपासून लांब ठेवायला मात्र पहिल्याच दिवशी शिकवा.