पोतदाराच्या वहीतला बडोदा

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात मी आर्थिक इतिहास शिकवतो. सावकारीचं प्रकरण आलं की मी मुलांना घेऊन जुन्या शहरात जातो. घडियाळी पोळीत हरिभक्तींची हवेली आहे. सावकार गोपाळराव मैराळांच्या नावाचा मैराळ गणपतीही जुन्या शहरातच. मुलं लाकडावरचं कोरीवकाम न्याहाळतात, फोटो काढतात. मग मी त्यांना सांगतो की गायकवाडांचं राज्य या घराण्यांच्या रोकडीवर चालत होतं.

सारा यायचा हप्त्यांनी, सिबंदीचा, म्हणजे फौजेचा, खर्च मात्र बारमाही. मधली रोकड पोतदार, म्हणजे दरबारचा सावकार, पुरवी. त्यावर व्याज आणि वर मनोती हा जादा आकार घेई, आणि महालांच्या वसुलावर वराती, म्हणजे वसुलीच्या चिठ्ठ्या, घेऊन आपलं येणं फेडून घेई. 1802 मध्ये थकलेल्या पगारापायी अरब सिबंदी शहर सोडेना. तिचं देणं भागवायला ईस्ट इंडिया कंपनी आणि बडोद्याचे सावकार यांनी मिळून कर्ज दिलं, आणि महालांचा वसूल तारण पडला. मेजर वॉकर कंपनीचे रेसिडेंट म्हणून दरबारात आले ते याच सुमारास. संस्थान इंग्रजांच्या हाती कसं गेलं, हे लढायांच्या वर्णनांपेक्षा या हिशेबांत जास्त स्वच्छ दिसतं, असं माझं ठाम मत आहे.

पण ते हिशेब वाचणार कोण? बडोद्याच्या अभिलेखागारातले जुने मराठी कागद मोडी लिपीत आहेत. माझे बहुतेक विद्यार्थी गुजराती माध्यमातले. ज्यांच्या घरी मराठी बोलतात, तेही मोडीपुढे अडतात. एका विद्यार्थिनीने मात्र मनावर घेतलं. सुरुवातीला तिला आकडे आणि गावांची नावं तेवढी लागायची. हळूहळू अख्खी ओळ लागू लागली, तशी एक दिवस तिने विचारलं, "सर, या सगळ्यात शेतकरी कुठे आहे?"

इतका नेमका प्रश्न मला वर्गात क्वचितच कोणी विचारला असेल. मी म्हटलं, हप्त्याची तारीख बघ आणि त्या भागात पीक कधी विकलं जातं ते बघ. हप्ता आधी आणि पीक मागाहून असेल, तर मधल्या दिवसांत कुणब्याला कर्ज काढावंच लागणार. त्यानंतर ती एकेक महाल घेऊन हेच ताडून पाहत बसली. आमच्या विषयातलं संशोधन बरंचसं असंच चालतं, चिकाटीने आणि सावकाश.

या शहराला या विषयाचा वारसाही मोठा आहे. हिंदुस्थानचा आर्थिक इतिहास दोन खंडांत लिहिणारे रमेशचंद्र दत्त 1904 मध्ये सयाजीरावांकडे महसूल खात्याचे मंत्री म्हणून आले आणि 1909 मध्ये दिवाणपदावर असताना इथेच वारले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवहारावर प्रबंध लिहिला. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा 1925 चा ग्रंथ त्यांनी सयाजीरावांनाच अर्पण केला. हे सांगताना माझा आवाज दरवेळी थोडा चढतो.

बडोद्यातल्या मराठी घरांना माझी कळकळीची विनंती आहे. माळ्यावर जुन्या किर्दी-खतावण्या असतील तर रद्दीत घालू नका, विद्यापीठाला किंवा अभिलेखागाराला दाखवा. आणि घरातल्या एखाद्या तरी मुलाला मोडी शिकू द्या.